आधी टाकी बघा

कॉफी मशीन पाणी सोडेना, तर माहितीपुस्तिका पहिलं विचारते: टाकीत पाणी आहे का? असेल तर टाकी काढून नीट बसवा, नळीत अडकलेली हवा जाऊ द्या. तरी नुसतीच गुरगुर? मग क्षार साचलाय. सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवा, नंतर दोनदा साधं.

पालघर जिल्ह्यातल्या रानशेतमध्ये कुणी असं मशीन घेतलंच, तर पहिल्या प्रश्नावरच अडेल. २०१९मध्ये जलजीवन मिशन आलं: घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर, मुदत २०२४. पालघरच्या कितीतरी पाड्यांवर नळ आला, तोटी फिरवली की ‘फुस्स’ही आलं. अडकलेली हवा, दुसरं काय! २०२५च्या अर्थसंकल्पात मुदत २०२८पर्यंत वाढली. मशीनची वॉरंटी अशी फुकटात वाढत नाही.

पाणी मात्र इथलंच. सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आहे. त्या जाडजूड नळीत क्षार साचल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा रानशेतकरांनो, मेकॅनिकला उगाच बोलावू नका. मशीन ठणठणीत आहे. फक्त ते मीरा रोडला नेऊन लावा.