वेडसर लेखिकेवर सिनेमा कसा काढावा : नवशिक्यांसाठी

सर्वात आधी नायिकेचं वय ठरवा. पंचविशीपुढे जाऊ नका. रात्रीची भांडी आवरून लिहायला बसणारी चाळिशीची बाई कुणाला वेडी वाटत नाही. मग तिला अस्थिर करा. कृती सोपी आहे: केस मोकळे, काजळ फिसकटलेलं, जमिनीवर कागदाचे बोळे. ती लिहिताना सहसा दाखवू नये. लिहिणारी बाई पडद्यावर कंटाळवाणी दिसते, कागद फाडणारी छान दिसते.

मनाच्या आजाराबद्दल डॉक्टरांना विचारत बसू नका. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'कासव'मध्ये आजार हा आजारासारखा, धीराने दाखवला, आणि 2016 सालच्या त्या सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं. आपल्याला पाऊस, व्हायोलिन आणि आरशावर आपटलेली मूठ पुरेशी आहे.

लोकेशन शिरूर-दौंडचं घ्या. पुण्याहून युनिट नेणं परवडतं. रात्री नायिकेला उसातून सैरावैरा पळवायचा मोह होईल. तो सीन आधी उसाच्या मालकाला वाचून दाखवा. शिरूर तालुक्यातल्या उसात बिबट्या असतो.
"येड लागलंय का बाईला?" तो विचारील.
हो म्हणा, कथाच तशी आहे.
"मंग घरचं कुनीतरी संगं धाडा की!"
इथे तुमची पटकथा संपते. घरचं कुणी सोबत असेल तर बाईला पळायचं कारणच उरत नाही.

घर सोडण्याचा प्रसंग दौंड स्टेशनवर घ्या. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावायची जुनी रीत आहे. रडायला तेवढा वेळ पुरतो. दौंड स्टेशन टाळून कॉर्ड लाइनवरून परस्पर जाणारी गाडी मात्र निवडू नका, सीन बोंबलेल.

कथेला 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावायची असेल तर जपून. या भागातल्या सत्य घटना तुमचा सिनेमा बुडवतील.

दौंड तालुक्यातलं केडगाव घ्या, पंडिता रमाबाईंचं. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच नवरा गेला. पदरात तान्ही मुलगी. एवढ्या भांडवलावर कुठलीही नायिका मध्यंतराआधी कोसळते. बाईंनी त्याच वर्षी, 1882 साली, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं. पुढे केडगावात मुक्ती मिशन उभारलं, बायबल मराठीत आणलं आणि ते छापायला खिळे जुळवले आश्रमातल्या बायकांनी. आरशावर मूठ आपटायला त्यांना सवड कुठली?

दुसरी लेखिका तर शिरूर नावातच घेऊन आली: विभावरी शिरूरकर. खऱ्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. 1933 साली त्यांचं 'कळ्यांचे निःश्वास' आलं. आत होत्या शिकलेल्या, मिळवत्या, बिनलग्नाच्या मुली, आणि पोरीचा पगार घरात येतो म्हणून तिच्या लग्नाचा विषय न काढणारे आईबाप. झालं! ही बाई कोण, बाईच आहे की कुणी पुरुष, असलं लिहावं कसं, याचा गदारोळ उठला. अस्थिरता हवीच असेल तर ती इथे आहे, आणि ती सगळी वाचकांची. लेखिका शिक्षिकेची नोकरी करत होती. दुसऱ्या वर्षी तिने 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी देऊन लोकांना आणखी अस्वस्थ केलं. पुढे सोलापूरला, ज्यांना सरकार गुन्हेगार जमाती म्हणे त्यांच्या वसाहतीत काम केलं आणि त्यातून 'बळी' (1950) लिहिली. लग्न केलं ते विश्राम बेडेकरांशी, म्हणजे सिनेमा-दिग्दर्शक घरातच होता! बाई 2001 साली गेल्या, नव्वदी ओलांडून.

आता यात कोसळायची जागा शोधा. मला सापडली नाही.

तरीही सिनेमा काढायचाच असेल तर कॅमेरा वाचकांकडे वळवा. 1933च्या वाचकांची कामं करायला आजही हवी तेवढी माणसं मिळतील. त्यांना मेकअपही लागणार नाही.