चिरंजीवांची पॅरिसवारी

'मुलांना लहानपणीच जग दाखवावं' म्हणून आईबाबा चार वर्षांच्या चिरंजीवांना पॅरिसला नेतात. लूव्रमध्ये गर्दीतून वाट काढत आई कशीबशी मोनालिसासमोर पोचते. नेमकी तेव्हाच चिरंजीवांना शू लागते. १८८९ सालचा, ३३० मीटर उंच आयफेल टॉवर बाबा मान वर करकरून दाखवतात. चिरंजीव मान खाली घालून कबुतरांमागे धावतात. सेन नदीपेक्षा हॉटेलची लिफ्ट त्यांना अधिक प्रेक्षणीय वाटते. क्रोसाँ बघून तोंड वाकडं होतं; अखेर बॅगेतलं मेतकूट फ्रान्सची अब्रू राखतं.

घरी आल्यावर आजी विचारते, "काय काय पाहिलंस रे राजा?"

"कबुतरं!"

आजी मुकाट्यानं गॅलरीकडे बघते. तिथं ती रोज येतात, तीही बिनव्हिसाची.