मूल्यं पाठ, ताळेबंद सपाट

लंडनमध्ये मुलाखतीला निघालेल्या मराठी मुलाला सगळे एकच सांगतात, "कंपनीचा अभ्यास करून जा." पोरगं अभ्यास करतं. म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवरचं 'आमच्याविषयी' हे पान घोकतं. कंपनीला पर्यावरणाची तळमळ आहे, ग्राहक तिचं दैवत आहे आणि कर्मचारी हेच तिचं भांडवल आहे. मुलाखतीत "आमच्याविषयी काय ठाऊक आहे?" असं विचारलं, की ते पान तोंडी परत करायचं. समोरचा खूश होतो, कारण त्यानं ते कधी वाचलेलंच नसतं.

ही चौकशी नव्हे, आरती आहे.

मूल्यांचंच म्हणाल, तर एन्रॉनचीही चार होती: आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. तिच्या दाभोळच्या वीजप्रकल्पाचं पुढं काय झालं, हे गुहागरच्या माणसाला सांगायला नको. याच एन्रॉननं १९९८ साली इंग्लंडमधली वेसेक्स वॉटर ही पाणीपुरवठा कंपनीही विकत घेतली होती. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉननं दिवाळं काढलं, तेव्हा चारही मूल्यं जागच्या जागी होती. कोणी हातच लावला नव्हता.

गंमत अशी की ब्रिटनमध्ये कंपन्यांची कुलंगडी सरकारच फुकट वाटतं. कार्डिफला कंपनीज हाउस नावाचं सरकारी दफ्तर आहे. कंपन्यांची ही नोंद १८४४ च्या कायद्यापासूनची, आणि जून २०१५ पासून तिथले कागद इंटरनेटवर विनामूल्य. नाव टाका. संचालक कोण, त्यांनी याआधी किती कंपन्या गुंडाळल्या, हिशेब वेळेवर दिले का, काय काय गहाण पडलंय, सगळं समोर येतं. रोजगार न्यायाधिकरणाचे निकालही २०१७ पासून ऑनलाइन आहेत. "आम्ही सगळे एक कुटुंब आहोत" म्हणणाऱ्या कंपनीला कुटुंबातल्या कुणाकुणी कोर्टात खेचलं, ते तिथं वाचावं. अडीचशे किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, तर बाई आणि पुरुष यांच्या पगारातली तफावत दरवर्षी जाहीर करावी लागते. हसऱ्या बायकांचा वेबसाइटवरचा फोटो आणि तो आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा, करमणूक होते.

पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर खोली घेताना पाणी किती वाजता येतं हे आपण शेजाऱ्याला विचारतो, घरमालकाला नाही. तोच माणूस बिऱ्हाड उचलून सातासमुद्रापार निघाला, की मालकाच्याच जाहिरातीवर भागवतो.

ताळेबंद वाचला म्हणजे सगळं कळलं, असं मात्र नाही. कॅरिलियन ही ब्रिटनमधली बांधकामातली बडी कंपनी. शाळा, इस्पितळं, रेल्वे, सगळीकडं तिचीच कंत्राटं. २०१६ च्या हिशेबांवर केपीएमजी या लेखापरीक्षकांनी शिक्का मारला होता आणि लाभांशही घसघशीत होता. जुलै २०१७ मध्ये कंपनी म्हणाली, आमच्या कंत्राटांतले ८४.५ कोटी पौंड बुडीत धरा. १५ जानेवारी २०१८ ला ती बुडाली, तेव्हा देणी जवळपास ७ अब्ज पौंडांची होती आणि गल्ल्यात २.९ कोटी. शेअरबाजारातले सट्टेवाले मात्र तिचा भाव पडणार यावर बरंच आधीपासून पैसे लावून बसले होते. तेव्हा ताळेबंदाबरोबर सट्टेवाल्यांकडंही नजर टाकायला हरकत नाही. त्यांनी कुणाची मूल्यं पाठ केलेली नसतात.

कंपनीज हाउसचीही एक कथा आहे. एका गृहस्थानं २०१३ साली तिथं चक्क व्यापारमंत्री व्हिन्स केबल यांच्याच नावानं, त्यांनाच संचालक दाखवून कंपनी नोंदवली. मग मंत्र्यांना कळवलं: बघा, तुमच्या दफ्तरात कोणीही काहीही लिहू शकतो. पुढं खोट्या नोंदीबद्दल पहिला खटला भरला गेला तो याच गृहस्थावर. २०१८ मध्ये त्यांना दंड झाला. संचालकांची ओळख सक्तीनं पटवून घ्यायला सरकारला नोव्हेंबर २०२५ उजाडावं लागलं.

इथवर हसण्यावारी नेता येतं. व्हिसावर येणाऱ्याला तेवढी चैन परवडत नाही. कंपनी बुडाली तर इथल्या मुलाची नोकरी जाते. मालकाचा परदेशी कामगार आणायचा परवाना गेला, तर व्हिसावाल्याच्या हातात सहसा ६० दिवस उरतात. तेवढ्यात नवा परवानाधारक मालक शोधा, नाहीतर बायकोमुलांसह विमान पकडा. असा परवाना कुणाकुणाकडं आहे, याची यादी गृहखातं जाहीर करतं. ती तरी पाहावी.

पण यादीत नाव दिसलं म्हणून गाफीलही राहू नका. वृद्धांची सेवाशुश्रूषा करणाऱ्या कामगारांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हिसा खुला झाला. मार्च २०२४ मध्ये सीमा आणि स्थलांतर खात्याच्या मुख्य निरीक्षकांचा अहवाल आला. अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमला २७५ कामगारांसाठी स्पॉन्सरशिपची प्रमाणपत्रं दिली गेली होती. परवाना घेताना चारच कर्मचारी दाखवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीला १,२३४. उमेदवारानं कंपनीचा अभ्यास करून यावं अशी अपेक्षा ठेवणाऱ्या देशाच्या गृहखात्याला घराचा दरवाजा ठोठावून बघायचं सुचलं नाही. अहवाल छापून येईपर्यंत खुद्द निरीक्षकांचीही नोकरी गेली होती. कारण वेगळं होतं, वर्तमानपत्राला माहिती दिल्याचं, पण योग मजेदार.

या कागदी नोकऱ्यांसाठी भारतातून आणि इतर देशांतून आलेल्यांनी एजंटांना कर्ज काढून पैसे दिले. इथं उतरल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना कळलं, की काम नाही. व्हिसा त्याच मालकाशी बांधलेला, त्यामुळे दुसरीकडं जायची चोरी.

म्हणून शेवटी दोन गोष्टी, कुणाच्या भावाला, भाचीला लागू असतील तर आजच कळवा. केअर वर्करसाठी परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. तरीही त्या व्हिसाचा दर सांगणारा एजंट खोटं बोलतोय. आणि बाकीच्या कुशल नोकऱ्यांत स्पॉन्सरशिपच्या प्रमाणपत्राचा खर्च मालकानं सोसायचा असतो. ३१ डिसेंबर २०२४ पासून तो कामगाराच्या माथी मारायला मनाई आहे. कोणी मागितलाच, तर मुलाखत तुम्हीच संपवा.