मँट साहेबाचं गणित

वहिनी, ऐकलं का? आपल्या टाउन हॉलचा साहेब म्हणे वेड लागून मेला. कुठला काय विचारता, मेजर चार्ल्स मँट! टाउन हॉल त्याचा, समोरच्या सीपीआर दवाखान्याची जुनी इमारत त्याची, न्यू पॅलेसही त्याचाच. अर्ध्या कोल्हापूरला रूप दिलं बाबानं, आणि शेवटी डोक्यात काय शिरलं तर आपली आकडेमोड चुकली, आता सगळे वाडे ढासळणार! कुणी म्हणतं त्या धास्तीनं भ्रमिष्ट झाला, कुणी म्हणतं जीवच दिला. 1881 साल. चाळिशी नुकती उलटलेली.

आमचा भाचा आर्किटेक्चरला आहे ना, काल जेवायला आला होता. त्यानंच हे पुराण काढलं. भाकरी तव्यावर तशीच करपली बघा.

थांबा, लगेच हळहळू नका. खरंखोटं मागनं बघू. आधी माणूस कोण ते तर ऐका. हा काही वेलबुट्ट्या-महिरपी काढत बसणारा चित्रकार नव्हता. लष्करातला इंजिनियर. तेव्हा मुंबई इलाख्यात रस्ते, पूल, कचेऱ्या सगळं ह्या लष्करी इंजिनियरांच्याच गळ्यात पडायचं. मँटही त्यातलाच. कोल्हापुरात त्याला टाउन हॉल मिळाला, 1872 ते 76 चं काम. तुम्ही आत कधी गेलाय? बागेत भेळ खाऊन परत, होय ना! अहो, म्युझियम आहे ते. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणताना सापडलेला रोमन लोकांचा समुद्रदेव तिथं ठेवलाय. एवढासा आहे हो, कांशाचा, पण समुद्र कुठं आणि पंचगंगा कुठं!

तर टाउन हॉल. बाहेर उभं राहून वर बघा. उतरतं छप्पर, टोकदार कमानी, दोन बाजूंना दोन टोकेरी मनोरे. घंटा तेवढी वाजायची राहिलीय, नाहीतर विलायतेतलं चर्चच. दगड आपला, थाट त्यांचा. मला विचाराल तर छान आहे, पण परका पाहुणा वाटतो. आता तिथनं उठून न्यू पॅलेसला जा. 1877 ला काम धरलं, 1884 ला पुरं झालं, सात लाख लागले तेव्हाचे. काळ्या घडीव दगडाचं काम, मधोमध घड्याळाचा मनोरा, पण खांब बघाल तर गुजरातेतल्या जैन देवळांची आठवण यावी. महिरपी मथुरा-डीगकडच्या वाड्यांच्या. मनोरा इंग्रजी आणि अंग देशी! एकाच माणसाचं काम म्हणून सांगितलं तर कोण विश्वास ठेवील?

मग मधल्या काळात झालं काय? माझा अंदाज सांगते, हसू नका. आपले दुसरे राजाराम महाराज 1870 साली विलायतेहून परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले ना. वीस वर्षांचं पोर हो. तिथंच, आर्नो नदीत दुसरी नदी मिळते त्या संगमावर, अग्नी दिला. परक्या मुलखात संगम शोधून दहन, काय म्हणायचं! तिथं छत्री उभी करायचं ठरलं, ते काम आलं ह्या मँटकडं. 1874 ला झाली. घुमटी आपल्याकडच्यासारखी आणि आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, तो फुलर नावाच्या शिल्पकाराचा. पुढं आर्नोवर मोठा पूल झाला, त्यालाही ह्या छत्रीवरनंच ‘इंडियन’ म्हणजे हिंदी माणसाचा पूल नाव पडलं.

आता बघा गंमत. कोल्हापुरात बसून हा विलायती टाउन हॉल बांधत होता, आणि त्याच वेळी इटलीसाठी आपली छत्री कागदावर उतरवत होता. छत्री आखायची म्हणजे घुमट, कंगोरे, खांबाची बैठक, सगळं नीट बघायला लागतं. मला वाटतं तिथंच त्याच्या हाताला देशी वळण लागलं. पुढं अजमेरचं मेयो कॉलेज आखलं, तेही असंच घुमट-छत्र्यांचं. आणि मग बडोद्याला सयाजीराव गायकवाडांचा लक्ष्मीविलास राजवाडा.

हां, आता त्या वेडाचं. बडोद्याचं काम सुरू असतानाच हा गेला. राजवाडा अर्धवट, आणि मालकाच्या कानावर ही असली वार्ता! सयाजीरावांच्या दरबारात काय धांदल उडाली असेल. मग ते काम कुणाकडं आलं? रॉबर्ट चिझमकडं. मद्रासचं सिनेट हाऊस बांधणारा तोच. वहिनी, तुमच्या दिरांनी जुन्या गवंड्याचं अर्धवट काम नव्या गवंड्याला दिलं होतं, तेव्हा नव्यानं पहिल्या दिवशी काय केलं? भिंतीला ओळंबा लावला आणि जुन्याच्या नावानं खडे फोडले. चिझमला तर नाव काढायची आयती संधी होती. गणित चुकलं असतं तर त्यानं वाडा पाडून नवा नसता का मांडला? त्यानं मँटच्याच आराखड्यावर काम पुढं नेलं. 1890 ला वाडा पुरा, आणि गायकवाड अजून तिथंच राहतात.

नाही हो, तो बिचारा कशानं गेला ते मी कुठं सांगतेय. आजारी असेल, खचला असेल. एवढी कामं एकदम अंगावर, कोल्हापूर, अजमेर, बडोदा, आणि प्रवास तो तेव्हाचा. मन थकतं माणसाचं. पण लोकांना ‘थकला’ सांगून चव येत नाही, ‘गणित चुकलं’ म्हटलं की कथा होते. आणि गणित खरंच चुकलं असतं, तर त्याच्या इमारती इतकी वर्षं टिकल्या असत्या का? 2019 च्या पुरात शहरात काय काय झालं, तुम्ही बघितलंच. एवढं होऊनही टाउन हॉल आहे का नाही जागेवर?

बरं, रविवारी जाऊ या का? भाचा येतोय, तो दाखवील. समुद्रदेव बघू, मग न्यू पॅलेस. भेळ शेवटी, आधी नाही.