बुधवारी खा की!

नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात आमच्या फ्रिजमध्ये दरवर्षी एक पाहुणा चार दिवस मुक्कामाला असतो. सोळा पौंड वजनाचा आणि दगडासारखा गोठलेला. बर्फातली टर्की फ्रिजमध्ये सावकाश सुटते, साधारण चार पौंडांना एक दिवस. म्हणजे गुरुवारी थँक्सगिव्हिंगला ती ओव्हनमध्ये जायची असेल, तर रविवारीच तिला घरात घ्यावं लागतं. पहिल्या वर्षी हा हिशोब मला ठाऊक नव्हता. बुधवारी रात्री आणलेली टर्की मी गुरुवारी पहाटे बाथटबात गार पाण्यात सोडली आणि नवऱ्याला सांगायला विसरले. अर्धवट झोपेत दात घासायला गेलेला माणूस तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर आला. त्याने पुढे चार दिवस शॉवर शेजारच्यांकडे घेतला.

त्यानंतर न्यू जर्सीतल्या या घरात टर्की रीतसर रविवारी येऊ लागली. कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला लावून घेऊ लागली. हा प्रघात वीस वर्षं सुरळीत चालला. मग 2022 साल उजाडलं.

त्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. रविवारी रात्री दह्याचं विरजण ठेवायला त्यांनी फ्रिज उघडला आणि पातेलं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"हा पक्षी कधी करायचा आहे?"

"गुरुवारी, आई."

पातेलं ओट्यावर ठेवून त्या भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गेल्या. ते त्यांनीच बॅगेतून आणलं होतं. चोवीस तारखेवर बोट टेकवून म्हणाल्या, "मार्गशीर्ष लागतोय. पहिला गुरुवार आहे."

इथे एक गैरसमज व्हायला नको. आई तांबड्या-पांढऱ्या रश्शावर वाढलेल्या. मटणाच्या वाट्याला नावं ठेवणं त्यांना पटतं, मटणाला नव्हे. अडचण होती ती वाराची. थँक्सगिव्हिंग कायम गुरुवारीच येतो, नोव्हेंबरचा चौथा. मार्गशीर्ष कधी नोव्हेंबर संपता संपता लागतो, कधी डिसेंबरात. त्यामुळे काही वर्षी महालक्ष्मी आणि टर्की एकाच दिवशी एकाच दारात उभ्या राहतात.

"मग बुधवारी खा की!" आई म्हणाल्या. "बुधवारी कोण नको म्हणतंय?"

मी म्हटलं, असं नाही करता येत, हा सरकारी सण आहे. सारा हेल नावाच्या एका संपादिकेने वर्षानुवर्षं पत्रं लिहून राष्ट्राध्यक्षांचा पिच्छा पुरवला. कोकरू घेऊन शाळेत जाणाऱ्या मेरीचं इंग्रजी बालगीत लिहिलं तीच ही बाई. शेवटी 1863 साली लिंकनने सगळ्या देशासाठी एक गुरुवार जाहीर केला. 1939 साली रूझवेल्टने नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून तो एक आठवडा अलीकडे ओढला, तर निम्म्या देशाने ऐकलं नाही. 1941 साली कायदाच करावा लागला.

आईंनी यातलं नेमकं हवं तेवढंच उचललं. "म्हणजे दुकानदारांसाठी आठवडा हलवला. देवीसाठी एक दिवस हलवायचा तर तुम्हाला कायदा आठवतो."

मी दुसरा पत्ता टाकला. हा पक्षी आपल्याला काही परका नाही. 1612 साली मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या अपूर्व वस्तू नेल्या, त्यांत टर्की होती. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे पोचलेली. बादशहा तिच्यावर इतका खूश झाला, की मन्सूर या चित्रकाराकडून त्याने तिचं चित्र काढून घेतलं. अमेरिकेतल्या ज्या जेवणावरून हा सण सांगतात, ते त्यानंतर नऊ वर्षांनी, 1621 साली झालं. म्हणजे आपली टर्की आधीची!

"असेल," आई म्हणाल्या. "पण जहांगीर मार्गशीर्ष पाळत नव्हता."

इतिहास संपला, तेव्हा भूगोल कामाला आला. आमच्या आणि शेजारीणबाईंच्या घरांमध्ये फक्त एक हिरवळीचा पट्टा आहे. बाई पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, दिलखुलास. टर्की त्यांच्या ओव्हनमध्ये, जेवण त्यांच्या टेबलावर, बाकीचे पदार्थ दोन्ही घरांचे, असा तह ठरला. मी त्यांना कारण सांगायला लागले, तर म्हणाल्या, "देवी घरी येणार असेल तर घर आवरायलाच हवं." रविवारी रात्रीच पक्ष्याने स्थलांतर केलं. आईंनी फ्रिज आतून पुसून घेतला, मग विरजण ठेवलं.

कलशाभोवती लावायला पाच झाडांच्या डहाळ्या हव्या होत्या. नोव्हेंबरअखेर आमच्या अंगणात हिरवं म्हणावं असं फक्त कचऱ्याचं पिंप असतं. बाईंनी आपल्या कुंपणाची पाइन, होली आणि आणखी तीन सदाहरित झुडपं कापून, नीट रबरबँड लावून जुडी पाठवली. नारळ एडिसनच्या दुकानात मिळाला. देवीला बसवलं तेव्हा खोलीत उदबत्तीचा आणि पाइनचा असा काही मिश्र वास दरवळला, की महालक्ष्मी माहेरपणाला थंड हवेच्या ठिकाणी आल्यासारखी वाटली.

आईंचा दिवसभर उपास. सूर्यास्तानंतर नैवेद्य दाखवून सोडायचा. जेवण मात्र चारला. तेव्हा टेबलाशी बसायला त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करायची ठरली, आणि "सगळ्यांना पुरेल एवढी कर" असं फर्मान निघालं. रात्री मी साबुदाणा धुऊन, पाणी जेमतेम वर दिसेल इतकंच ठेवून झाकला. सकाळी आईंनी एक दाणा चिमटीत दाबून पाहिला. तो आवाज न करता पसरला. "जमलंय," त्या म्हणाल्या. परात समोर घेऊन त्या दाण्याचं कूट, मीठ, किंचित साखर हलक्या हाताने मिसळू लागल्या आणि मी बटाट्याच्या फोडी करू लागले.

माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची पदवी आहे. लग्नाच्या पत्रिकेत छापण्यापलीकडे ती आजवर उपयोगी पडली नव्हती. त्या सकाळी मात्र सुरी बटाट्यात असतानाच ती जागी झाली. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची मेक्सिकोकडची. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा आपल्याकडे सेलमला तयार होतो, पण ज्या कंदापासून होतो तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. रताळं तिकडचं. राजगिरासुद्धा तिकडचा, आणि घारग्यांचा लाल भोपळाही. एकादशीच्या ताटात आपले म्हणावेत असे वरी आणि शिंगाडा उरतात. त्यांना कोणी दुसऱ्यांदा वाढा म्हणत नाही.

"आई," मी म्हटलं, "तूप, जिरं, मीठ आणि साखर सोडली तर ही कढई अख्खी अमेरिकन आहे. 1621च्या त्या जेवणात बटाटासुद्धा नव्हता. त्या लोकांपेक्षा जास्त अमेरिकन जेवण आज तुम्ही जेवताय, तेही उपासाला."

आई मिरची चिरायची थांबल्या. क्षणभर मला वाटलं, चारशे वर्षांचा उपास मी बाटवला. मग त्यांनी आणखी दोन मिरच्या घेतल्या. "चला, म्हणजे शेजारणीला चालेल."

चार वाजता आम्ही खिचडी, क्रॅनबेरीचं लोणचं आणि भोपळ्याचे घारगे घेऊन हिरवळ ओलांडली. क्रॅनबेरी आंबट आणि कडसर असते. मोहरी, हिंग, गूळ घातला की ती कैरीची लांबची बहीण वाटते. टेबलावर टर्की, तिच्यासोबत पावाचं सारण, लोणी घालून घोटलेला बटाटा, आणि फरसबीचं कॅसरोल. हे कॅसरोल आमच्याच राज्यातलं. 1955 साली कॅम्डेनच्या कॅम्पबेल सूप कंपनीत डॉर्कस रायली या बाईंनी ते बसवलं. फरसबी, डब्यातलं मशरूम सूप आणि वर तळलेला कांदा. आईंनी लांबूनच निरखून पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, "कांदा चांगला तळलाय. खालच्या भाजीला काय झालं?"

जेवणाआधी एकेकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं, ही इथली रीत. मला ती वीस वर्षांनीही अवघड जाते. घरच्यांचे आभार मानायची आपल्याला सवय नाही. आभारप्रदर्शन म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी, लोक चपला शोधत असताना माइकवर चालतं ते. माझ्या वडिलांनी आईला कधी थँक्यू म्हटल्याचं मला आठवत नाही. ते पुन्हा आमटी मागून घेत. आईला तेवढं पुरे.

टेबलाभोवती फिरत फिरत पाळी सासूबाईंवर आली. सगळे अदबीने पाहू लागले.

"मी काय बोलू?" आई मला म्हणाल्या. "खिचडी गार होतेय. आधी वाढ त्यांना."

"आजी म्हणते," आमच्या चिरंजीवांनी इंग्रजीत भाषांतर केलं, "ती तुम्हा सगळ्यांची आभारी आहे."

मला ते भाषांतर अजिबात चुकीचं वाटलं नाही.

शेजारीणबाईंनी पहिला घास घेतला, पाणी प्याल्या, दुसरा घेतला, पुन्हा पाणी प्याल्या, आणि मग डाव हातात घेऊन आपल्या ताटात आणखी वाढून घेतली. आईंचा चेहरा उजळला. "हिला कळतं गं," त्या म्हणाल्या. उठताना मात्र त्या सवयीने पुटपुटल्या, "अन्नदाता सुखी भव." बाईंनी अर्थ विचारला. जेऊ घालणारा सुखी राहो, असं मी सांगितलं. "म्हणजे मी?" बाईंनी विचारलं.

त्याही, अर्थात. पण 1621च्या त्या जेवणाचं वर्णन करणारं विन्स्लो नावाच्या वसाहतकऱ्याचं पत्र आहे. त्यात वाम्पानोआग लोकांचा प्रमुख नव्वद माणसांसह आला, तीन दिवस राहिला आणि त्याच्या माणसांनी पाच हरणं आणून दिली, असं लिहिलंय. वसाहतीतले निम्मे लोक आदल्या थंडीत दगावले होते. उरलेल्यांना मका कसा लावायचा हे शिकवलं तेही तिथल्याच एका माणसाने. 1970 पासून वाम्पानोआगांचे वंशज याच गुरुवारी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. मका, बटाटा, मिरची, शेंगदाणा जंगलातून शेतात आणणाऱ्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत. आईंनी आशीर्वाद दिला तो बहुधा त्यांच्यापर्यंत पोचायचा होता. मी बाईंना एवढंच म्हटलं, "तुम्ही, आणि तुमच्याआधीचे सगळे."

सूर्यास्तानंतर आईंनी देवीला नैवेद्य दाखवला, कहाणी वाचली आणि उपास सोडला. परत जाताना कालनिर्णय त्या शेजारीणबाईंना देऊन गेल्या. तेव्हापासून दर वर्षी नवं कोल्हापूरहून येतं. ते बाईंच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेलं असतं.

2025 साली ऑक्टोबरातच त्यांचा फोन आला. थँक्सगिव्हिंग सत्तावीस नोव्हेंबरला, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, तेव्हा पक्षी त्यांच्याकडे ठेवायचा ना? डहाळ्या त्या कापून ठेवणार होत्या. साबुदाणाही या वेळी त्यांनीच भिजवला. पाणी जरा जास्त झालं आणि खिचडीचा गोळा झाला.

आम्ही सगळ्यांनी पुन्हा वाढून घेतली.