एटीएमभाऊ

नागपुरात एप्रिल लागला, की दोन गोष्टी बाहेर निघतात. माळ्यावरून कूलर आणि घराघरांतून पोहणारे. सकाळी 6 च्या बॅचला स्विमिंग पुलावर जी झुंबड उडते, तिच्यात एटीएमभाऊ हमखास सापडतात. वय चाळिशीपार, पोट तरंगायला पुरेसं, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल आणि मनगटावर स्मार्टवॉच.

“फाइव्ह एटीएम आहे! 50 मीटरपर्यंत पाणी शिरत नाही!” हे ते कोणी विचारायच्या आत सांगतात. नाव त्यावरूनच पडलं. नवी मंडळी पहिला आठवडाभर त्यांना बँकेतले समजतात. आता 50 मीटर म्हणजे तेवढ्या पाण्याचा दाब घड्याळानं चाचणीत सोसला, एवढंच. तेवढं खोल बुडी मारायचा तो परवाना नव्हे. पण काळजीचं कारण नाही. भाऊ चार फुटांची बाजू सोडत नाहीत.

पाण्यात उतरण्याआधी विधी असतो. पट्टा एक भोक आवळायचा, कारण मागचा हिरवा दिवा कातडीला चिकटून नसला तर नाडी भलतीच दिसते. मग वॉटर लॉक लावायचं. पाण्याचे थेंब पडद्याला बोटांसारखेच वाटतात. एकदा भाऊ लॉक विसरले आणि शॉवरखालीच घड्याळानं भल्या पहाटे सासऱ्यांना फोन लावला. शेवटी पुलाची लांबी सांगायची. ती घड्याळाला आपोआप कळत नाही, वळणं मोजून ते तिनं गुणत बसतं. पूल 25 मीटरचा, भाऊंनी भरले 50. महिनाभर ते दुप्पट पोहले. चूक कळली तेव्हा त्यांना जवळचं माणूस गेल्यासारखं झालं.

हात आणि वळण, एवढंच घड्याळाला कळतं. म्हणून फळी धरून पाय मारायचा सराव भाऊ करत नाहीत. कोच काठावरून ओरडतात, “पाय मारा जी, पाय!” पण फळीवर हात स्थिर, त्यामुळे घड्याळ ती फेरी धरत नाही, आणि जी फेरी घड्याळ धरत नाही ती भाऊही धरत नाहीत. उलट मध्येच थांबून, गर्रकन वळून शेजारच्या लेनशी गप्पा मारल्या, की कधी कधी फेरी वाढते. भाऊंचा जनसंपर्क दांडगा आहे तो त्यामुळेच.

बाहेर आल्यावर लॉक उघडतात. घड्याळ टूं टूं करत स्पीकरमधलं पाणी बाहेर टाकतं. खर्रा खाणारे सोडले, तर नागपुरात इतक्या इमानानं थुंकणारी दुसरी वस्तू नाही. मग क्लोरीन जावं म्हणून नळाखाली घड्याळाची अंघोळ होते, पाच मिनिटं. स्वतःची दोन. तिथून गाडी थेट तर्री-पोह्याच्या ठेल्यावर. “250 कॅलरी जाळल्या,” असं जाहीर करून भाऊ दुसरी प्लेट सांगतात, वरून तर्री जास्त. त्याआधी मात्र घड्याळ काढून खिशात ठेवतात. पट्ट्याला डाग नको, म्हणतात.

आमच्या बॅचला काटोलकडचे एक काका आहेत. संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून शिकलेले. ते काहीच मोजत नाहीत. दम लागला, की निघतात.

परवाच्या रविवारी काय झालं कोण जाणे, भाऊ खरोखर पोहले. अखंड 12 फेऱ्या. गप्पा नाहीत, थांबणं नाही. आम्ही काठावर बोटांवर मोजल्या. धापा टाकत वर आले, मनगट डोळ्यांसमोर धरलं आणि चेहरा पडला. सुरूचं बटण दाबायचंच राहिलं होतं.

“काऊन भाऊ, काय दाखवून राहिलं?” काकांनी विचारलं.

“भोपळा!”

काकांनी पंच्यानं कान कोरडे केले आणि म्हणाले, “मंग त्यात काय! आम्ही बी भोपळा बांधूनच पोहलो. आमचा पाठीवर होता, तुमचा मनगटावर आहे. पण आमचा आठ दिवसांत सुटला होता, बाप्पा!”