ओकांचं हुकलेलं

माझं आडनाव ओक. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

जावा ही संगणकाची भाषा जन्मली तेव्हा तिचं नाव 'ओक' होतं. तिचा जनक जेम्स गॉसलिंगच्या ऑफिसबाहेर ओकचं झाड होतं, त्यावरून. झाडाचा तपशील मी सहसा गाळतो. पण त्या नावाचा ट्रेडमार्क आधीच दुसऱ्या कंपनीकडे निघाला, आणि 1995 साली कॉफीवरून 'जावा' ठरलं. नाहीतर आज जगभरचे इंजिनिअर ओक शिकले असते, आणि मी लग्नकार्यात कुणी न विचारता म्हणालो असतो, "आमचीच." शाळेत या आडनावावरून जे ऐकलंय, त्याची थोडी तरी भरपाई झाली असती. आमच्या घरात कॉफी होत नाही.

चिरंजीव म्हणतात, "बाबा, माणसांची नावं भाषांना नसतात." नसतात कशी? पास्कल आहे, एडा आहे. आणि हॅस्केल! ती गोष्ट तर मी रिक्षावाल्यालासुद्धा सांगितली आहे. हॅस्केल करी हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ. 1988 साली येल विद्यापीठात जमलेल्या मंडळींनी नव्या भाषेला त्यांचं आडनाव द्यायचं ठरवलं, 'करी'. मग लक्षात आलं, यावर फार कोट्या होतील. (आडनावावरच्या कोट्या! मला हे नीट कळतं.) म्हणून 'हॅस्केल'. करी 1982 मध्येच वारले होते, तेव्हा त्या मंडळींपैकी पॉल ह्युडॅक परवानगी मागायला त्यांच्या पत्नी व्हर्जिनियाबाईंच्या घरी गेले. बाईंनी जुन्या पाहुण्यांच्या गोष्टी सांगितल्या. पुढे ह्युडॅक यांच्या व्याख्यानालाही येऊन बसल्या. समजलं काहीच नाही, पण वागल्या अगदी आपुलकीनं. आणि निरोप घेताना म्हणाल्या, हॅस्केलना 'हॅस्केल' हे नाव कधी आवडलंच नव्हतं.

इथे माझी गाडी दर वेळी अडते. नावडतं नाव त्या माणसाला मेल्यावरही सुटलं नाही. आणि हे ठाऊक असलेल्या बाईंनी होकार आधी दिला, खरं मग सांगितलं.

परवा हे बायकोला ऐकवत होतो. ती भाजी निवडत म्हणाली, "मला लग्नात ओक केलंत, तेव्हा कोण आलं होतं परवानगी मागायला?"

मी ताबडतोब पायथनकडे वळलो. ते नाव, म्हटलं, अजगरावरून नाही बरं का, मॉन्टी पायथन नावाच्या इंग्रजी विनोदी मालिकेवरून...

"आवडायचं नाही मला," ती म्हणाली. "अजूनही नाही."